चार तुकड्यांची शेड

कुठल्याही कामाचे चार तुकडे करून ते एकदम सुरू केले की पाऊण वेळ वाचतो, यावर कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टर सहामधल्या आमच्या शेजाऱ्यांची, भाऊंची, जेवढी श्रद्धा होती तेवढी कुणाची देवावरही नसेल. कारखान्याच्या डिझाइन ऑफिसात ते इमारतींच्या मजबुतीचे हिशेब करत; मीही त्याच कारखान्यात होतो. एका गणेशोत्सवात त्यांनी मंडळाचे चार गट पाडून चार आरत्या एकाच वेळी म्हणवून घेतल्या. प्रसाद लवकर मिळाला हे खरं, पण त्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी, चिडल्या, "देवाले काही समजलं तरी का?" "त्याचे कान मोठे आहेत," भाऊ शांतपणे म्हणाले.

नव्वदच्या सुमाराला एका जुन्या शेडमध्ये दुप्पट भार उचलणारी क्रेन बसवायचं ठरलं. उद्घाटनाचा मंडप आधी ठरला, खांबांचा विचार नंतर. खांब भार पेलतील या कागदावर मोठ्या साहेबांना फक्त यांची सही हवी होती. "खांबाले विचारल्याशिवाय सही नाही," हे म्हणाले. पण अख्ख्या शेडचा हिशेब एका कॉम्प्युटरला झेपेना. असे कॉम्प्युटर होते चार, चार वेगवेगळ्या खात्यांत. विश्वकर्मा पूजेला कव्हर काढून कुंकू लावून घेण्यापलीकडे त्यांना फारसं काम नसे. यांनी शेडचे चार भाग पाडले आणि एकेका यंत्राला एकेक दिला. एक खातेप्रमुख कळवळले, "चलाने से खराब हो जाएगा!" यांनी गंभीरपणे आश्वासन दिलं, "धीरे चलाऊँगा, सर."

जिथे दोन भाग जुळतात तिथले आकडे दोन्ही यंत्रांवर सारखे यायला हवेत. म्हणून हिशेबाच्या दर फेरीनंतर आकड्यांची फ्लॉपी खिशात घालून हे सायकलवर पुढच्या खात्यात. आठ दिवस जेवणाच्या सुट्टीत हेच.

"भाऊ, किती फेऱ्या मारून राहिले?" मी विचारलं.

"आकडे भांडायचे थांबेपर्यंत."

थांबले, तेव्हा दोन खांब नव्या भाराला कमी पडत होते. मोठे साहेब कडाडले, "पाहुणे येणार आहेत!"

"येऊ द्या. क्रेन नाही चालणार."

उद्घाटन पुढे ढकलून मंडप उतरवावा लागला. खांबांना पोलादी पट्ट्या जोडून झाल्यावर यांनी पुन्हा सगळ्या फेऱ्या मारल्या आणि मगच सही केली.

उद्घाटनाला मंचावर यांच्यासाठी खुर्ची नव्हती. हे त्या दोन खांबांच्या मधोमध उभे होते. मी जवळ जाऊन विचारलं, "इथं कावून उभे?"

"माह्या सहीखाली मी नाही उभा राहणार, तर कोण राहील?"

पूर्ण भार घेऊन क्रेन आमच्या डोक्यावर आली. मी दोन पावलं मागे सरलो. ते जागचे हलले नाहीत. त्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्या दोन पावलांबद्दल ते मला कधी एक शब्द बोलले नाहीत.