मुलुंडची पांढरी गच्ची आणि माझी आमसुलं

लेकीला आणि नातीला घेऊनच यायचं, असं ठरवून मी बोरिवलीहून निघाले. कुणाला सांगितलं मात्र नाही. मागे प्रियाचा फोन आला होता, "आई, सगळ्या बिल्डिंगनं एकदम एसी लावले नि फ्यूज उडाला. दुपारभर लाईट नाही." तिचं घर शेवटच्या मजल्यावर, डोक्यावर तापलेली गच्ची, आणि आमची चिऊ अजून मानसुद्धा धरत नाही. पिशवीत चिऊला गुंडाळून आणायला नवं दुपटं घातलं. सोबत आगळात, म्हणजे कोकमाच्या लाल रसात, भिजवलेल्या सालांचा डबा; वाळवली की त्यांची आमसुलं. गावाहून कोकमाचे ताजे रातांबे आले होते, ते काय मागे नासत ठेवू? ऊन मुलुंडलाही असतंच की!

तुम्हाला जायचं असेल तर सकाळी लवकर निघा. मेट्रोनं आरेपर्यंत, तिथून बसनं पवई, मग मुलुंडची दुसरी बस. वेळ लागतो, पण रिक्षापेक्षा कितीतरी स्वस्त. आरेतल्या झाडांखालून बस गेली ना, की अंगावरचा घाम आपोआप वाळतो. पवईला मात्र नुसत्या काचेच्या इमारती, उघडी खिडकी एक नाही. बसमध्ये शेजारी बसलेली मुलगी तिथेच कामाला. म्हणाली, "आजी, आत इतका एसी असतो की मी स्वेटर नेते." आणि आतली गरमी? ती आमच्या बसवर!

मुलुंडला दार विहीणबाईंनी उघडलं, खांद्यावर चिऊ. "या! फोन न करता? तपासणीला आलात की काय?"

प्रियानं वाढलेलं कोलंबीचं कालवण झकास झालं होतं. जेवताना जावई सांगत होते, "खोली मोठी व्हावी म्हणून गॅलरी काचेनं बंद केली होती, आई. नुसती भट्टी झाली. आता काच काढून टाकली. आणि फ्यूज उडाल्यावर सगळ्यांनी मिळून गच्चीला ऊन परतवणारा पांढरा रंग मारला."

मनात म्हटलं, रंगानं कुठे ऊन अडतं? सालं घेऊन वर गेले, ती नेहमीसारखी अनवाणी. भर दुपारी, आणि पाय भाजेना! मी आपली लहान पोरीसारखी या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरले. मग जुनं लुगडं पसरून सालं वाळत घातली नि खाली चिऊजवळ आडवी झाले. वर नुसता पंखा. तिच्या मानेखाली हात घातला. कोरडी. घामोळं नाही, किरकिर नाही.

तेवढ्यात वरून हाक आली, "अहो विहीणबाई, हे काय केलंत!"

आगळ लुगड्यातून झिरपून पांढऱ्या गच्चीवर हा एवढा लाल डाग! साबणानं घासला तर आणखी पसरला.

"गुडघे टेकून रंग मारलाय हो आम्ही," विहीणबाई म्हणाल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी उरलेला रंग आणला, एक ब्रश माझ्या हातात दिला. दोघी पदर खोचून बसलो. जरा वेळानं त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "पिशवीत दुपटं दिसलं मला. न्यायला आलात ना दोघींना?"

"आले होते."

"मग?"

"मान कोरडी आहे तिची."

त्यांनी ब्रश रंगात बुडवला. "तिकडे कोपऱ्यात राहिलंय बघा."

दुपटं तिथेच ठेवून, सालं डब्यात भरून घरी आले. पहिलं काम काय केलं, तर आमच्या बंद गॅलरीची काच सरकवली. घरी मुलगा म्हणतो, धूळ येते. येऊ दे म्हटलं, पुसू. पुढच्या वर्षी ऊन आणखी चढलं तर एवढ्यानं भागेल का, मला ठाऊक नाही. मुलुंडलाही खालच्या मजल्यांवर एसी चालूच आहेत.

काल विहीणबाईंचा फोन आला. "तुमचा डाग रंगाखालून परत वर आलाय हो."

"अगोबाई! येऊ का ब्रश घेऊन?"

"या, पण डाग असू दे. सकाळी चिऊला वर नेते ना, तिची नजर तिथेच खिळते. आणि येताना आमसुलं आणा."