मिरचीवालीची भाकर

त्या बायका आठवल्या की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. इंग्रजांच्या अमदानीत बुलढाण्याच्या बाजारात माझं बांगड्यांचं दुकान होतं. समोर देऊळघाटची एक मिरचीवाली बसे. तिच्या छातीतली कॅन्सरची गाठ मिशनच्या दवाखान्यातल्या मडमेनं कापून काढली होती. बाई ठणठणीत झाली, डोक्यावर पाटी घेऊन चालत यायची. पण दुपारी बाजारातल्या बाया एकत्र जेवत, तेव्हा तिला लांब बसवून भाकर वरून टाकत. म्हणे, मागच्या जन्मीचं पाप!

एकदा तिनं ती भाकर परत भिरकावली.

"पाप होतं म्हनता? असन! मंग ते गाठीसंगच कापल्या गेलं ना? तुमचं तं अजून अंगातच हाय!"

आणि त्यांच्या मधोमध बसून तिनं आपला ठेचा उघडून सगळ्यांपुढे ठेवला. कोणी बोट लावलं नाही. तिनं एकटीनंच तो बोटं चाटून संपवला.