मायच्या हाडांना लागलेली भूक

माझ्या आठवणीत सुरुवातीची माय कायम सावलीत बसलेली दिसते. अगदी काळोख नव्हे. कौलांत बसवलेल्या एका काचेतून पातळ, दुधट उजेड खाली यायचा आणि त्यात सुताचे बारीक तंतू तरंगत राहायचे. बाबा खड्ड्यात पाय सोडून मागावर बसायचे, माय भिंतीशी चरख्यावर कांड्या भरायची. साडीचा आडवा धागा ज्यावरून सुटतो, त्या लहान नळ्या. नागपूरच्या आमच्या विणकरांच्या वस्तीत घरोघरी हेच चाले. माय सकाळी बसली की दिवेलागणीला उठायची. खाप्याला माहेरी असताना म्हणे ती कन्हानच्या काठावरच्या शेतात दिवसदिवस हुंदडायची. मला ते खरं वाटत नसे.

सत्तरच्या दशकाची सुरुवात असावी. मी नऊ-दहा वर्षांची होते. धाकटी बहीण झाली, तिला अंगावर पाजता पाजता माय हळूहळू बदलली. जमिनीवरून उठताना आधी गुडघ्यावर हात, मग भिंतीला हात. चालताना बदकासारखी दोन्ही बाजूंना डुलायची. आम्ही हसायचो, तीही हसायची. शेजारणी म्हणाल्या, बाळंतवात आहे. एरंडेल चोळून झालं, शेक देऊन झाले. एक दिवस ती न्हाणीत बसली ती उठेचना. मी हाक ऐकून धावले, तर डोळे मिटून शांतपणे म्हणाली, "बाबाले बोलाव वं. माहे पाय माहे नाही रायले."

बाबांनी तिला सायकलरिक्षात घालून रामदासपेठेत एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. मी बहिणीला मांडीवर घेऊन बरोबर होते. बाईंनी मायच्या नडगीवर नुसता अंगठा दाबला आणि माय कळवळली. मग त्यांनी विचारलं, "बाई, तुम्ही उन्हात कधी बसता?"

माय गोंधळली. "ऊन? उनात काहून बसू? काम घरात हाय ना."

"तुमची हाडं उपाशी आहेत," बाई म्हणाल्या. उन्हातून अंगाला जे मिळतं ते मायला मिळत नव्हतं, आणि होतं ते बाळांमागे गेलं होतं. त्यांनी चुन्यासारख्या गोळ्या दिल्या आणि तेलकट औषधाच्या काचेच्या कुप्या लिहून दिल्या. आठवड्याला एक, दुधातून, आठच आठवडे. मग परत दाखवायला यायचं.

औषध लागू पडलं. सहाव्या आठवड्यात माय चुलीपासून दाराशी चालत आली आणि तिथे चौकट धरून बराच वेळ गल्लीकडे बघत उभी राहिली. बाबांचे डोळे भरून आले. तो आनंदच आमच्या अंगावर आला. इतकी चांगली चीज आठवड्यातून एकदाच कशाला, असं त्यांना वाटलं. तीच चिठ्ठी दाखवून ते कुप्या आणत राहिले आणि रोज सकाळी एक तिच्या दुधात ओतत राहिले. परत दाखवायला जायची गरजच काय, असंही ते म्हणाले. मायने कधी नको म्हटलं नाही. इतक्या मायेने कुणी पेला पुढे धरला, तर ती काय म्हणणार!

थोड्याच आठवड्यांत तिला विचित्र तहान लागली. माठ संपायचा, तरी ओठ कोरडे. अन्न बघितलं की मळमळ, पोट साफ होईना. दिवसा मध्येच ती कुठेतरी निघून गेल्यासारखी बघायची. मी विचारलं, "माय, काय पाहून रायली?" तर म्हणाली, "पानी. किती मोठं पानी हाय."

पुन्हा रिक्षा, पुन्हा रामदासपेठ. बाईंनी कुप्या किती झाल्या विचारलं. बाबांनी खाली मान घालून सांगितलं. बाई रागावल्या नाहीत, पण त्यांचा चेहरा उतरला. "हे औषध अंगात साठून राहतं, दादा. जास्त झालं की मूत्रपिंडावर बसतं. अजून महिनाभर दिलं असतं, तर मी काही करू शकले नसते."

मायला दवाखान्यात ठेवलं, सलाइन लावलं. कुप्या बंद, गोळ्या बंद, काही दिवस दूधसुद्धा बंद. बाबा तिच्या पायाशी बसून असत. एकदा मी त्यांना म्हणताना ऐकलं, "मीच तुले मारत होतो वं." माय म्हणाली, "तुमाले काय ठावूक होतं?" आणि त्यांच्याच हातून पाणी प्यायली.

ती घरी आली तेव्हा बाईंचं सांगणं एवढंच होतं: रक्त तपासून पुन्हा सगळं जागेवर आलं, की रोज थोडं ऊन अंगावर घ्यायचं. त्याला पैसा लागत नाही, आणि उन्हातून हे अंगात नको तितकं साठतही नाही. औषध लागलंच तर विचारून आणि मोजून.

पण आमच्याकडे नुसतं उन्हात बसायला सवड कुणाला? बाबांनीच तोड काढली. आमच्या गल्लीत सकाळी उभं सूत रस्त्याच्या लांबीने ताणायचे आणि त्याला कुंच्याने खळ लावून वाळवायचे. ते पुरुषांचं काम. बाबांनी आपला कुंचा मायच्या हातात दिला आणि स्वतः चरख्याशी बसले. लोक बोलले. "काहून गा, बायकोले रस्त्यावर उभी केली?" एकाने विचारलं. बाबा म्हणाले, "तिले उनाची दवा सांगतली हाय." त्यांच्या कांड्या पहिले कितीतरी दिवस सैल भरल्या जात आणि धागा सुटायचा. माय बाहेरूनच हसायची.

हिवाळ्यात शाळेला निघताना मला ती दिसायची. पांढरं सूत गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरलेलं, त्यातून ऊन झिरपून खाली पडलेलं, आणि त्याच्या कडेने माय बाह्या सारून, उघड्या डोक्याने पुढे पुढे जाताना. पावलं सरळ पडायची. खळीचा आंबूस वास, कुंच्याचा सरसर आवाज. मी शाळा विसरून तिच्यामागे चालत राहायचे.

पुढच्या थंडीत शेजारच्या दोघी बायका आपापले कुंचे घेऊन तिच्या जोडीला येऊन उभ्या राहिल्या.