निळीची बाटली आणि कुत्र्यांची नजर

मंडळी, सकाळपासून अंगावरचा काटा जाईना, म्हणून लिहितोय.

शेजारच्या वहिनींनी कुत्र्यांसाठी दारात निळीच्या पाण्याची बाटली टांगलीय. सकाळी खुशीत म्हणाल्या, "भावजी, दोन दिस झालं, कचऱ्याच्या डब्याला एक कुत्रं शिवलं न्हाय!"

मी बघितलं. गल्लीतली पाचही कुत्री रस्त्यापलीकडं गप बसलेली. बाटलीकडं एकही बघत नव्हतं. सगळी डब्याकडं बघत होती.

नव्वदच्या दशकात गावी, निरवांगीला, आमच्या आईनं अशीच बाटली टांगली होती. कुत्री यायची थांबली. आई निर्धास्त झाली. ती रोज कचऱ्याच्या डब्यात हात घालून भाजीचे देठ शेळीला काढायची.

चौथ्या दिवशी शेजारचे तात्या दारात थबकले. त्यांची हयात मेंढरामागं गेलेली.

"पोरी, हात काढ. कुत्री पाण्याला भ्येत न्हाईत."

त्यांनी काठीनं डबा आडवा केला. देठांखालून घोणस फुसफुसत बाहेर आली. चार दिवस ती आईच्या बोटांखालीच होती.

आज तात्या नाहीत. काठी माझ्या हातात आहे, आणि कुत्री अजून हललेली नाहीत.

तुमच्या दारात बाटली असेल तर जरा बघून सांगा, तुमची कुत्री कुठं बघतायत?