ईस्टरच्या गाण्यातली माझी ओळ

परळीतल्या त्या लहान चर्चमध्ये मी गायला जायचे ते श्रद्धेनं नाही. आम्ही बौद्ध. मेलेला माणूस तिसऱ्या दिवशी उठतो हे मला पटत नाही, आणि ते मी गाणं बसवणाऱ्या काकांना पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. औष्णिक वीज केंद्रातून निवृत्त झालेले काका तिथून उडून बाकावर बसलेली राख पुसत म्हणाले, "विश्वास कुणी मागितला तुला? सूर दे."

गाणं चारशे वर्षांहून जुनं, इटलीतलं. लॅटिन शब्द काकांनी वहीत देवनागरीत उतरवले होते. चार आवाज एकामागून एक शिरतात आणि प्रत्येकाची चाल वेगळी. मी भीमगीतांच्या कोरसमध्ये वाढलेली. तिथं पुढचा म्हणेल तेच उचलायचं. इथंही मी सारखी वरच्या पट्टीत गाणाऱ्या बायकांच्या चालीत घुसायचे. बायकांच्या खालच्या आवाजात आम्ही दोघीच होतो, मी आणि नर्सिंगची एक मुलगी. तिचा हात धरून मी माझ्या ओळीवर राहायचे.

उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, सराव संपला तेव्हा फाटकाशी दोघं उभे होते. एक आमच्याच गल्लीतला. अदबीनं बोलला. "ताई, धर्म बदलला का तुमी? रविवारी येतो आमी. कोण कोण हाय, नावं लिहून नेतो." त्यानं शिवी दिली असती तर मला उलट बोलता आलं असतं.

घरी वडिलांना सांगितलं. या माणसानं मला बाराखडी मोर्च्याच्या पत्रकांवर शिकवली, सभेबाहेर उभं करून ती वाटायला लावली. ते म्हणाले, "जाऊ नको." त्यांना घाबरलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं. कुणी काय गावं हे फाटकावरचा माणूस ठरवणार असेल तर आमची सगळी पत्रकं रद्दी, हे मला कळत होतं. 

रविवारी सकाळी नर्सिंगच्या मुलीचा मेसेज आला, घसा बसलाय. मी गेले. ते दोघं दाराशी मोबाइल धरून उभे होते. वरचा आवाज शिरला, पुरुषांचे शिरले, मी बोटांच्या पेरांवर मात्रा मोजत होते. तोंड उघडलं आणि वरच्या बायकांचीच चाल निघाली. काकांनी माझ्याकडे न बघता बोट खाली केलं. मी थांबले, श्वास घेतला, माझ्या ओळीवर आले. ती आता मी एकटीच म्हणत होते, त्यामुळे स्पष्ट ऐकू येत होती. मोबाइल माझ्याकडे वळला. आवाज थरथरतच शेवटपर्यंत गेला.

बाहेर गल्लीतल्या त्यानं वही काढली. "पूर्ण नाव, ताई." मी माझं सांगितलं, आडनाव सांगितलं. "आन् वडलांचं?" त्याला ते ठाऊक होतं.  मी सांगितलं.

घरी वडिलांना म्हटलं, तुमचंही नाव वहीत गेलं. त्यांनी विचारलं, "नीट लिहिलं का त्यानं?" मी हो म्हटलं. मग ते उठले आणि त्यांनी दाराला आतून कडी लावली. दुपारचे बारा वाजले होते.