खारवाल्याचं ओलं पागोटं

चिखलीच्या बाजारात एक म्हातारा पापडाचा खार विकायचा. उन्हाळ्यात लोणारच्या सरोवराचं पाणी आटलं, की काठावरून वेचलेले काचेसारखे खडे. ऊन लागलं की त्यांच्यातलं पाणी उडून पांढरं पीठ व्हायचं, म्हणून तो आपलं पागोटं ओलं करून त्यांच्यावर पांघरायचा. टक्कल मात्र उन्हात चकाकायचं, जणू दुकानाची पाटीच!

"बाबा, डोकं झाका ना!" बाजाराला गेलो की मी म्हणायचो.

"माह्या डोक्यात काय पाणी हाय बे, उडून जायले?"

एकदा शेजारच्या भाजीवालीचं तान्हं उन्हानं कळवळलं. त्यानं खड्यांवरचं पागोटं काढून झोळीवर टाकलं. दुपारपर्यंत सगळ्या खड्यांचं पीठ! गिऱ्हाइकं तोंड फिरवू लागली.

"बाबा, माल गेला की सगळा!" मी ओरडलो.

"हळू बोल बे," तो कुजबुजला. "आत्ताच झोपलं थे."