मोहाच्या झाडाखालच्या मिसबाई

वाटेत काहीही पडलेलं दिसलं की मिसबाई थांबत, दोन्ही हात पाठीमागं बांधत, वाकून बघत आणि विचारत, “हे कोनाचं होय?” मग ती वाळकी काटकी असो, मोराचं पीस असो, नाहीतर पाखरानं अर्धं खाऊन टाकलेलं बोर असो. तुम्ही तिथं असता तर हसला असतात. मीही हसायची. “मिसबाई, बोर कोनाचं राह्यते? पाखराचं होय!” त्यावर त्या गंभीरपणे मान हलवत आणि ते बोर पाखरासाठी तिथंच ठेवून पुढं जात.

ही सवय त्या नॉर्वेहून घेऊन आल्या नव्हत्या. ती त्यांना आमच्या गावानं लावली.

तेव्हा गडचिरोली हा जिल्हा नव्हता, सगळा मुलूख चांद्यातच, म्हणजे आताच्या चंद्रपुरात मोडायचा. कुरखेड्याच्या अलीकडं आमचं गाव. एका माघात वडसा स्टेशनावरून बैलगाडीत बसून मिसबाई आल्या. अंगात जाड लोकरी कोट, तोंड तापून लाल झालेलं, आणि नजर इकडून तिकडं नुसती धावत होती. मिशननं गावाबाहेर कौलारू दवाखाना बांधला होता, शेजारी प्रार्थनेची खोली. मिसबाई तिथल्या नर्स, मी त्यांची स्वयंपाकीण. नवऱ्यानं दुसरी केली म्हणून मी भावाच्या दारात येऊन पडले होते. “तेथी जाशील तं बाटशील,” भाऊ म्हणाला. मी म्हटलं, “इथी राहून तरी कोनतं पुन्य लागून राह्यलं?” आणि गेले. आधीच सांगून टाकते, मी बाटले नाही. मिसबाईंनी त्यांच्या देवाच्या गोष्टी पुष्कळ सांगितल्या, पण माझ्या देव्हाऱ्याबद्दल कधी वाकडा शब्द काढला नाही.

पहिल्या दिवसांत त्यांना सगळ्याचंच नवल. त्यांचे वडील समुद्रावर मासेमारी करायचे. जन्मापासून कानात लाटांचा आवाज, त्यामुळं आमच्या जंगलातली दुपारची शांतता त्यांना सहन व्हायची नाही. “शेवंता, इथे सगळे कुठे गेले?” असं विचारायच्या. मी सांगायची, “कुठी नाई गेले, झोपून राह्यले.” वाघाची भीती त्यांना अजिबात वाटली नाही, पण मुंग्यांना घाबरायच्या. एकदा लाल मुंग्यांची चटणी कुणीतरी पानावर वाढली. ती कशाची आहे ते कळल्यावर डोळे मिटून खाल्ली, नाकाडोळ्यांतून पाणी आलं, आणि पुन्हा पान पुढं केलं. मराठी त्या पुण्याकडं शिकून आल्या होत्या. विहिरीवर जाऊन म्हणाल्या, “भगिनींनो, कृपया मला थोडे पाणी द्याल का?” बाया हसून हसून खाली बसल्या. मिसबाईही त्यांच्यात बसून हसल्या, कशाला ते न कळता.

हसायला सगळ्या होत्या हो, पण दवाखान्यात पाऊल टाकायला एक नाही. ही बाई सुई टोचून रक्त काढते, मेलेल्यांची हाडं पेटीत ठेवते, असं कुणीतरी उठवून दिलेलं. मिसबाई रोज सकाळी व्हरांडा झाडून घेत, पांढरा झगा घालून बसत आणि संध्याकाळी तशाच उठत. चांद्याहून मोठे पाद्रीसाहेब येऊन स्पष्टच बोलून गेले, “मिस साहेब, पावसाळ्यापूर्वी रुग्ण आले नाहीत, तर हा दवाखाना बंद करावा लागेल. आपणांस शहरातल्या इस्पितळात पाठवू.”

मिसबाईंना त्यापेक्षा मोठी काळजी होती ती रुकमाची. रुकमा ही सायत्राबाई ढिवरणीची सून. सायत्राबाई विधवा, तिचा मुलगा तलावात जाळं टाकायचा. रुकमाची दोन लेकरं जन्मताच गेली होती आणि आता तिसऱ्या खेपेचे दिवस भरत आले होते. विहिरीवर मिसबाईंनी तिचे सुजलेले पाय पाहिले आणि त्यांचं हसू गेलं. त्याच दुपारी त्या सायत्राबाईच्या दारात. “हिला माझ्याकडे आणा. उशीर करू नका.” सायत्राबाईनं जाळं विणता विणता मानही वर केली नाही. “आमची सुईन हाय. तुमी आपलं काम पाहा.”

परत येताना मिसबाई स्वतःच्या पायांकडं बोट दाखवून मान हलवत राहिल्या. पुढं मला त्यांनीच शिकवलं तेव्हा कळलं, त्या सुजेत आईही जाते आणि लेकरूही.

आणि अशात तो ईस्टर आला. आदल्या दिवशी मी भावाकडं गेलेली. मिसबाई पहाटे एकट्याच फिरायला निघाल्या आणि तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर पोचल्या. तिथं मोठं मोहाचं झाड. खालची जमीन पालापाचोळा जाळून, झाडून लख्ख केलेली, आणि तिच्यावर पिवळसर पांढऱ्या फुलांचा सडा. वासानं माणूस वेडं व्हावं. मिसबाईंना वाटलं, सणाच्या आदल्या दिवशी देवानंच हे अंथरून ठेवलं! घरी जाऊन टोपल्या आणल्या आणि एकूण एक फूल वेचून नेलं.

आता आपल्याला कुणी सांगायला लागतं का, की रानातलं असलं तरी मोहाचं प्रत्येक झाड कुणाच्या तरी घरचं असतं? खालची जमीन झाडलेली दिसली की परकी बाई तिथं वाकतसुद्धा नाही. उन्हाळ्यात घरातलं धान्य संपलं की हीच फुलं उकडून, पिठात घालून खायची, बाजारात देऊन मीठ आणायचं. पण हे नॉर्वेच्या बाईला कोण सांगणार? मला कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं, पण मी भावाकडं भांडी घासत बसले होते.

मी आले तर प्रार्थनेची खोली फुलांनी भरलेली. टेबलावर फुलं, खिडकीत फुलं, क्रुसाभोवती फुलांचे ढीग. मिसबाईंचा चेहरा नुसता फुललेला. “शेवंता, बघ किती सुंदर!”

“माय वो! मिसबाई, हे काय करून बसलात तुमी!”

मी सांगत होते तोवर सायत्राबाई दारात येऊन उभी राहिली. रिकामी टोपली काखेत. ती आरडाओरडा करेल म्हणून मी मधे झाले, पण तिनं आवाजसुद्धा चढवला नाही. खोलीभर नजर फिरवली आणि म्हणाली, “आमच्या तोंडचं नेलं बाई तू.”

मिसबाईंचा रंग उडाला. त्या धावत क्रुसाजवळ गेल्या आणि फुलं ओंजळीनं टोपलीत भरायला लागल्या. “घेऊन जा. सगळी घेऊन जा. मला माहीत नव्हतं!”

सायत्राबाई मागं सरकली. “देवाले वाह्यलेलं आमी घरी कसं नेऊ? अन् तेही दुसऱ्याच्या देवाले?” आणि निघून गेली. मिसबाई टोपली धरून तशाच उभ्या. दुपारपर्यंत गावभर झालं, गोरी बाई मोह चोरते.

त्या रात्री त्या जेवल्या नाहीत. सकाळी मी उठून पाहते तर खोलीत नाहीत. ईस्टरचा दिवस, पाद्रीसाहेब उपासनेला यायचे, आणि बाईंचा पत्ता नाही! मी तलावाकडं धावले. झाडाखाली मिसबाई उकिडव्या बसून फुलं वेचत होत्या आणि सायत्राबाईच्या टोपलीत टाकत होत्या. सायत्राबाई टोपली उचलून दुसरीकडं ठेवायची, की या सरकत सरकत तिकडं.

इकडं पाद्रीसाहेब आले, प्रार्थनेच्या खोलीचं दार उघडलं आणि नाकाला रुमाल लावून बाहेर आले. बंद खोलीत रात्रभर राहिलेली मोहफुलं, दुसरं काय होणार? कलालाच्या दुकानासारखा वास सुटला होता. ते तडक पाळीवर आले. “मिस साहेब! आज पुनरुत्थानाचा दिवस, आणि आपण दारूची फुलं वेचता?”

मिसबाईंनी मान वर केली. गुडघे मातीनं भरलेले, केस सुटलेले. “पाद्रीसाहेब, काल मी यांचं जेवण चोरलं. आज परत करून राह्यली. झालं की येते.”

करून राह्यली! पुण्याची मराठी त्या पाळीवरच गळून पडली. सायत्राबाईचा वेचता हात थांबला. तिनं पाद्रीसाहेबांकडं पाहिलं, मग मिसबाईंकडं, आणि टोपली दोघींच्या मधे ठेवली. पाद्रीसाहेब म्हणाले, “पावसाळ्यापूर्वीची गोष्ट लक्षात ठेवा,” आणि पाय आपटत गेले.

त्या दिवसापासून फुलं संपेपर्यंत मिसबाई रोज पहाटे त्या झाडाखाली. कंबर धरायची, बोटं चिकट व्हायची, मुंग्या चावायच्या, तरी जायच्या. मी म्हटलं, “एका दिवसाचं नेलं, एका दिवसाचं भरलं. आता पुरे!” त्या म्हणाल्या, “शेवंता, रुकमा वेचायला येते. तिला खाली वाकायला नको.” तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. रुकमा आली की मिसबाई तिला झाडाच्या मुळावर बसवत, पाय बघत, आणि तिच्या वाटणीचं वेचत. सायत्राबाई बघून न बघितल्यासारखं करायची. एक दिवस तिनंच विचारलं, “तुह्या देशात कोन हाय तुले?” मिसबाई म्हणाल्या, “बाप हाय. मासे मारते.” सायत्राबाई ओठांवर पदर धरून हसली. “मंग तू आमच्यातलीच हायेस की वो!”

फुलं संपत आली होती. एका सकाळी रुकमा मुळावर बसल्या बसल्या कलंडली. डोळे फिरले, दात बसले, अंग झटके द्यायला लागलं. कुणीतरी देवऋषीकडं पळायला निघालं. सायत्राबाई गरजली, “थांब! मिसबाई, उचल माह्या सुनेले. चाल तुह्या दवाखान्यात.”

त्या दिवशी मी पहिल्यांदा मिसबाईंचे हात कामात पाहिले. पोरगं जन्मलं ते निळं, आवाज नाही. सायत्राबाईनं भिंतीला डोकं टेकलं. तिला तो आवाज नसणं ओळखीचं होतं. मिसबाईंनी लेकराचं तोंड पुसलं, आपलं तोंड लावून हळूहळू फुंकर घातली, पाठ चोळली, पुन्हा फुंकर घातली. आणि पोरगं असं रडलं म्हणता, की बाहेर जमलेला गाव हसायला लागला. मी मात्र रडले. रुकमा संध्याकाळी शुद्धीवर आली आणि तिनं आधी लेकरू मागितलं.

मृगाच्या तोंडावर पाद्रीसाहेब दवाखाना बंद करायला आले. व्हरांड्यात पाय ठेवायला जागा नव्हती. मांडीवर लेकरं घेतलेल्या बायांना ओलांडत ते आत आले, टोपी खुंटीला अडकवली आणि मला म्हणाले, “शेवंताबाई, चहा ठेवा.” दवाखान्याचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

पुढं मिसबाईंनी मला हाताशी धरून सुईणीचं सगळं काम शिकवलं. मी चुकले की रागावत आणि मग स्वतःच्या हातानं चहा करून देत. त्यांनी आमचा मुलूख पायी तुडवला, आणि पडलेल्या प्रत्येक वस्तूपुढं हात मागं बांधून विचारत राहिल्या, “हे कोनाचं होय?”

मग छातीचं दुखणं लागलं आणि मिशननं त्यांना घरी बोलावलं. निघायच्या दिवशी त्या पाळीवर गेल्या. पौष होता, झाडाखाली एक फूल नाही. सायत्राबाईनं त्यांना कवटाळलं आणि सोडायलाच तयार होईना. पुढच्या फाल्गुनात पाद्रीसाहेबांनी निरोप आणला, मिसबाई गेल्या. मी दवाखान्याचं दार आतून लावून घेतलं आणि मन भरून रडले. माझी आई गेली तेव्हाही मी एवढी रडले नव्हते.

चैत्रात मी पहाटे तलावाकडं गेले. सायत्राबाई आता थकली होती, रुकमा वेचत होती. दवाखान्याकडच्या अंगाला मात्र फुलं तशीच पडून होती, त्यांना कुणी हात लावला नव्हता.

“त्या आंगचं काऊन नाई वेचलं वो?” मी विचारलं.

रुकमानं वरसुद्धा पाहिलं नाही. “ते मिसबाईचं होय.”

मी हात पाठीमागं बांधले आणि त्या फुलांना वळसा घालून दवाखान्याकडं निघाले.